सहा पॉइंट सातचं दूध

"परत."

टँकरच्या झाकणात घातलेलं डोकं बाहेर काढून हिम्मतरावनं एवढंच सांगितलं आणि लोखंडी शिडीवरनं खाली उतरायला लागला.

खाली यादगिरी, दूध गोळा करणाऱ्या अप्पारावच्या टँकरचा ड्रायव्हर, तोंडात कडुलिंबाची काडी धरून उभा होता. त्यानं काडी बाहेर काढली. "क्या काका, सुबा सुबा मजाक करते! अप्पाराव गारू का दूध है. झाकन खोल के दस सेकंद नई हुए."

"दहाच लागतात रे बाबा. अकराव्याला वास उडून जातो."

"बराबर से चख के तो देखो."

"चाखतो की." हातातल्या लांब दांड्याच्या मापातलं घोटभर दूध हिम्मतरावनं तोंडात घेतलं, दोन्ही गालांतनं फिरवलं, जिभेच्या मुळापर्यंत नेलं आणि गटारीत थुंकलं. वरनं चूळ भरली. "साबण लागायलाय. रात्री आंबलेलं दूध सोडा घालून गप बसवलंय. ने परत."

"नक्को ना काका," यादगिरी म्हणाला. पण बोलताना तो हिम्मतरावकडं न बघता आपल्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता, आणि हिम्मतरावला तेवढं पुरलं.

साल चौऱ्याण्णव, एप्रिल महिना. सकाळचे सव्वासहा वाजले होते आणि तारनाक्याच्या पुढं नाचारमच्या त्या डेअरीचा दूध उतरवायचा सिमेंटचा धक्का आत्ताच कोमट लागत होता. दोन वर्षांमागं दूधधंदा खुला झाला. सरकारचा परवाना नको, काही नको. ज्याच्या अंगात धमक होती त्यानं डेअरी काढली. ह्या डेअरीच्या मालकानं पहिली मशीन घेतली आणि दुसरा घेतला हिम्मतराव, सरकारी डेअरीतनं उचलून. कारण अख्ख्या हैदराबादेत दुधाला असं नाक दुसरं नव्हतं.

माणूस देवणीकडचा. चौथी शिकलेला. एकोणिसाव्या वर्षी गौलीगुड्यात चुलत्याच्या घरी येऊन पडला आणि सरकारी डेअरीत कॅन धुवायला लागला. धुता धुता झाकणाचा वास घ्यायला शिकला. कुठलं दूध उन्हात थांबलंय, कुठल्या म्हशीनं सरकी जास्त खाल्लीय, कुणाच्या कॅनला गंज चढलाय, हे त्याला झाकण उघडताक्षणी कळायचं. त्या नाकासाठी त्यानं तंबाखू सोडली. सकाळचा कच्चा कांदा सोडला. वासाचं तेल डोक्याला लावलं नाही. बायको भामा गजरा माळून आली तर म्हणायचा, "तेवढा बाहेरच्या खुंटीला अडकव." भामा म्हणायची, "दुधाशीच लगीन लावायचं होतं तुम्ही, मला कशाला आणलं?"

तर असं ते नाक. आणि आता त्या नाकाला फेब्रुवारीपासून जोडीदार आला होता.

राखाडी डबा, त्यातनं निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला काचेची दांडी. पीएच मीटर. तो आणला अपर्णाबाईनं. पुण्याची पोर, एम.एस्सी. झालेली, नवऱ्याची कॉम्प्युटरची नोकरी लागली म्हणून हैदराबादेत आलेली. वय पंचवीस-सव्वीस. पण कामाला पक्की. रोज सकाळी आधी दांडी चार आकड्याच्या ठरीव पाण्यात बुडवायची, मग सातच्या पाण्यात, आकडा जुळतोय का बघायची आणि मगच दुधाला हात लावायची. हिम्मतरावला हे आवडलं होतं. हत्यार तपासल्याशिवाय काम सुरू न करणारं माणूस त्याला नेहमीच आवडायचं.

पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं होतं, "बाई, हा आकडा सांगतो काय?"

अपर्णानं कागदावर रेघ मारली होती. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला चौदा. "मधे सात काका, शुद्ध पाणी. सातच्या खाली आम्ल, म्हणजे आंबट. वर अल्क, म्हणजे खार. लिंबू दोनवर. ताक साडेचारवर. खायचा सोडा सव्वाआठ. चुन्याची निवळी बारा."

"आणि दूध?"

"सहा पॉइंट सहा ते सहा पॉइंट आठ. सातच्या जरासंच खाली. आंबायला लागलं की आकडा उतरतो. आणि एक घर खाली उतरलं की आंबटपणा दहापट होतो."

"एका घराला दहापट?" हिम्मतराव त्या रेघेकडं बघतच राहिला. "मग लिंबू आणि पाणी ह्यात..."

"पाच घरं. लाखपट."

"अगं माय!" तो म्हणाला होता. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं भामाला लिंबाची फोड दाखवून सांगितलं, "ही लाखपट आहे बघ." भामा म्हणाली, "वरणात पिळा आणि जेवा."

तिथपर्यंत ठीक चाललं होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती एप्रिलमध्ये. ऊन वाढलं तसं अप्पारावाचं दूध हिम्मतरावच्या नाकाला खटकायला लागलं. आठ तारखेला त्यानं टँकर परत म्हणून सांगितला, मीटर म्हणाला सहा पॉइंट सात. झकास. टँकर आत घेतला. बारा तारखेला तेच. मीटर सहा पॉइंट सात, टँकर आत. दोन्ही दिवशी दही लागायला तीन-तीन तास उशीर झाला आणि विरजणवाल्याला बोलणी बसली.

आज तिसरी खेप.

अपर्णा काचेच्या भांड्यात नमुना घेऊन तपासणीच्या खोलीत गेली आणि पाच मिनिटांत परत आली. तिचा चेहराच सांगत होता. "काका... सहा पॉइंट सात."

"मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"बाई, चोर पोलिसाचं घड्याळ बघूनच चोरी करतो. त्याच्याकडंबी असला मीटर असणार. आकडा चढत सातच्या जरा खाली आला की सोडा टाकायचं थांबायचं. झालं."

अपर्णा काही बोलणार तोच गेटमधनं पांढरी मारुती आत आली. आधी अप्पाराव उतरला. बोटात चार अंगठ्या, कपाळाला गंध, पोट सांभाळत चालणारा माणूस. पाठोपाठ केबिनमधनं मॅनेजर श्रीकांतसाहेब आले. अप्पाराव रोज चाळीस गावांचं दूध गोळा करायचा. उन्हाळ्यात असा माणूस हातचा घालवणं कुठल्याच मॅनेजरला परवडत नाही.

"क्या साब," अप्पारावनं हात जोडले, पण आवाज काही जोडलेला नव्हता. "आपकी मशीन पास करती, इनकी नाक फेल करती. मैं किसकू दूध देरा, डेअरी कू क्या नाक कू?"

यादगिरी फिसकन हसला. धक्क्यावरचे दोघं-तिघंही हसले.

श्रीकांतसाहेब मात्र हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. हिम्मतरावला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले, "हिम्मतराव, तुमच्या नाकाचा मला आदर आहे. पण आता आपलं दूध आइस्क्रीम कंपनीला जाणार. त्यांचा माणूस येऊन रजिस्टर उघडतो, विचारतो, टँकर रिजेक्ट केलात तो कशावरून? मी काय लिहू? हिम्मतरावांना वास आला म्हणून?"

"खरं तेच लिहायचं."

"खरं असून चालत नाही हो. दुसऱ्या माणसाला दाखवता आलं पाहिजे." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तिसरी वेळ आहे ही. आज दाखवा काहीतरी. नाही जमलं तर उद्यापासून तुम्ही क्रेट धुवायच्या खोलीत. डॉकवर मीटर पुरेल."

क्रेट धुवायची खोली मागच्या अंगाला होती. कॉस्टिकची गरम वाफ, प्लास्टिकचा खडखडाट, आणि दिवसभरात माणसाला एक शब्द विचारायला कोणी येणार नाही. हिम्मतरावला कष्टाचं भय नव्हतं. बत्तीस वर्षं त्यानं फक्त एकाच कामासाठी भाकरी खाल्ली होती: अमुक दूध लेकरांच्या तोंडात जावं का नाही, हे सांगायला. ते त्याला कोणी विचारणारच नसेल, तर नाक काय सर्दीला ठेवायचं?

"किती वेळ आहे?" त्यानं विचारलं.

"पुढचे दोन टँकर रिकामे होईपर्यंत. मग अप्पारावांचा पाइपला लावायचा."

म्हणजे दोन तास.

हिम्मतराव कँटीनमागच्या ओट्यावर जाऊन बसला. कँटीनच्या चुलीवर चहाचं दूध उतू गेलं होतं आणि चुलीच्या कडेला करपून काळं झालं होतं. त्याचा वास सगळीकडं भरला होता. बसल्या बसल्या तो त्या काळ्या डागाकडं बघत राहिला. मधे काळं, कडेला जिथं जाळ जोरात लागत होता तिथं पांढरं. राख झालेली.

त्याची आई पापडाचा खार घरी करायची. विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. बांधावरचा आघाडा उपटायचा, वाळवायचा, जाळायचा. पान जळतं, खोड जळतं, सगळ्याचा धूर होतो. खार तेवढा जळत नाही, राखेत बसून राहतो. राख पाण्यात कालवायची, वरची निवळ आटवायची, झाला पापडखार.

हिम्मतराव उठून उभाच राहिला.

सोडा म्हणजे खारच. दुधातला आंबटपणा आणि सोडा एकमेकांच्या गळ्यात पडून बसलेत, म्हणून मीटरला दोघंही दिसत नाहीत. पण आंबटपणा दुधाच्या पोटचा. जाळला की धुरात जाईल. सोडा कुठं जाईल?

त्यानं कँटीनमधल्या दोन जुन्या लोखंडी पळ्या उचलल्या. तेलकट होत्या. अशा पळीत परीक्षा करायची म्हणजे काय, म्हणून खाली बसून चुलीतल्या राखेनं दोन्ही चांगल्या घासल्या. आरशासारख्या केल्या. नळाला सुतळीएवढं पाणी होतं, त्याच्याखाली एकदा विसळल्या. एका पळीत अप्पारावाचं दूध घेतलं. दुसरीत कीसर गावच्या दूध सोसायटीचं, ज्याच्यावर तो डोळे मिटून सही करायचा. आणि दोन्ही चुलीच्या जाळावर धरून बसला.

दूध आटलं, फसफसलं, काळं झालं, मग धुमसायला लागलं. घाण वास. माणसं गोळा झाली. अपर्णा नाकाला रुमाल लावून आली. "काका, काय करताय?"

"सोडा शोधायलोय."

पाऊण तासानं दोन्ही पळ्यांत करडी राख उरली. तोवर श्रीकांतसाहेब आणि अप्पारावही येऊन उभे राहिले. हिम्मतरावनं लिंबू चिरलं. "आता बघा. जिथं सोडा असेल तिथं लिंबू पडलं की फेस येणार. जिथं नाही तिथं गपगार." आणि आधी अप्पारावाच्या राखेवर पिळलं.

फस्स!

"हे बघा!" हिम्मतराव ओरडला. त्याचा आवाज पोरासारखा चिरकला.

मग त्यानं सोसायटीच्या राखेवर पिळलं.

फस्स.

तितकाच फेस. कडेला तर जरा जास्तच.

अप्पारावनं पोट धरून हसायला सुरुवात केली. "अय्यय्यो! अब सोसायटीवाले भी सोडा डालते? पूरा आंध्रा में सोडा डालते? काका, आपकी भैंस भी सोडा पीती क्या?"

सगळा धक्का हसला. श्रीकांतसाहेबांनी घड्याळात पाहिलं. "हिम्मतराव, दुसरा टँकर अजून निम्मा आहे. तो झाला की..." ते वळून चालायला लागले.

हिम्मतराव हातात पळी धरून तसाच बसून राहिला. कानापर्यंत गरम झाला होता. बत्तीस वर्षांत नाकानं दगा दिला नव्हता. आज डोक्यानं दिला. का नाकानंच दिला? म्हातारपण आधी कुठून शिरतं ते काय सांगून येतं?

नुसती हाताला सवय म्हणून त्यानं पळी पालथी केली आणि रिकाम्या दांड्याच्या सांध्याला जीभ लावली. जिथं दूधच पोचलं नव्हतं तिथं.

आणि थुंकला.

"बाई," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "तुमचं ते साधं पाणी आणा बरं. बाटलीतलं."

"डिस्टिल्ड वॉटर?"

"तेच. आणि मीटर आणा."

कँटीनमध्ये न वापरलेली तिसरी एक पळी होती. तिला त्यानं अपर्णासमोर तसंच राखेनं घासलं, तसंच एकदा विसळलं. अपर्णानं तिच्यात डिस्टिल्ड वॉटर ओतलं, हलवलं, आणि काचेची दांडी बुडवली. लाल आकडे पळायला लागले. सात. आठ. नऊ. दहा पॉइंट एकवर थांबले.

अपर्णानं आकड्याकडं बघितलं, मग पळीच्या सांध्यात बसलेल्या राखेकडं बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. "काका! पळीतच खार आहे!"

"माझ्या हातानं केली." हिम्मतराव उठला आणि लांब चाललेल्या श्रीकांतसाहेबांना ऐकू जाईल असं मोठ्यानं बोलला. "साहेब! चूक माझी झाली. पळी राखेनं घासली मी. लाकडाच्या राखेतबी खार असतोय. दुधाचा शोधायला गेलो आणि माझ्याच हाताचा सापडला."

अप्पारावनं हात उडवले. "बस हुआ साब. नाचना नई आता, आंगन बदनाम."

पण साहेब थांबले होते. स्वतःची चूक कबूल करणारा माणूस बघितला की बहुतेक माणसं थांबतात. आणि मधे अपर्णा उभी राहिली होती.

"सर, हे बरोबर आहे," ती म्हणाली. एरवी हळू बोलणारी पोर आज घाईघाईनं बोलत होती. "काका म्हणतात ते केमिस्ट्रीनं बरोबर आहे. आंबलेल्या दुधात लॅक्टिक आम्ल असतं. सोडा घातला की दोघांचं मीठ बनतं, त्याचं नाव सोडियम लॅक्टेट. ते ना आंबट ना खार, म्हणून मीटरला सहा पॉइंट सात दिसतो. मीटर खोटं बोलत नाही, त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. पण जाळलं की लॅक्टेटमधला आम्लाचा भाग जळून जातो आणि सोडा राखेत उरतो. हे मला सुचायला हवं होतं. मला अर्धा तास द्या. चिनी मातीच्या बशीत करते, घासलेल्या नाही, ॲसिडनं धुतलेल्या."

साहेबांनी निम्म्या टँकरकडं बघितलं, अप्पारावकडं बघितलं. "तो रिकामा होईपर्यंत," म्हणाले.

मग काम सुरू झालं. दोन पांढऱ्या बशा, दोन बर्नर. मापून वीस-वीस मिली दूध. दूध काळं झाल्यावर अपर्णा बशी उतरवायला निघाली तर हिम्मतराव म्हणाला, "अंहं. काळं दिसतंय तोवर आत कोळसा आहे. कोळशाखाली खार अडकून बसतो. पांढरं होऊ द्या." तिनं जाळ वाढवला. दोघं दोन स्टुलांवर बसले, घामानं निथळत, दोन बशांकडं बघत.

राख पांढरी झाली. अपर्णानं दोन्हीत डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि एका बाटलीतले, खार भेटला की गुलाबी होणारे, दोन-दोन थेंब टाकले. दोन्ही बशा गुलाबी झाल्या. एक फिकट, गुलाबाच्या सुकलेल्या पाकळीसारखी. दुसरी भडक, लग्नातल्या फेट्यासारखी.

"दोनो गुलाबी!" अप्पाराव म्हणाला. पण ह्या वेळी हसला नाही.

"दुधाच्या राखेत थोडा खार जन्मतःच असतो," अपर्णा म्हणाली. "किती, ते आता बघायचं. हे पातळ ॲसिड. एकेक थेंब टाकायचा. गुलाबी रंग गेला की राखेतला खार संपला. जितके थेंब, तितका खार."

आधी सोसायटीची बशी. एक. दोन. तीन. चौथ्या थेंबाला रंग गेला, पाणी स्वच्छ.

मग अप्पारावाची. एक. दोन. तीन. चार. रंग तसाच.

पाचव्याला मागनं कुणीतरी मोठ्यानं "पाच" म्हणालं. सहाव्याला दोघं म्हणाले. नवव्यापासनं अख्खा धक्का मोजायला लागला, कॅन धुणारे, विरजणवाला, वॉचमन. ज्याला मराठी येत नव्हतं तो तेलुगूत मोजत होता. पंधराला विरजणवाल्यानं मांडीवर थाप मारली. वीसच्या पुढं श्रीकांतसाहेबांचे ओठ हलताना हिम्मतरावनं पाहिले. सव्वीस. सत्तावीस. तिसाव्याला रंग फिका झाला. एकतीस.

पाणी स्वच्छ.

"चार आणि एकतीस," अपर्णा म्हणाली आणि ड्रॉपर खाली ठेवला.

विरजणवाल्यानं कँटीनची थाळी उचलून वाजवली. लग्न लागल्यासारखा कालवा झाला.

अप्पाराव रुमालानं मान पुसत होता. "गांव के लोगां डाले होंगे साब. मेरेकू क्या मालूम."

"मग गावच्या लोकांना जाऊन सांगा," श्रीकांतसाहेब म्हणाले. "आणि हा टँकर घेऊन जा. इथनं पुढं तुमच्याच काय, प्रत्येक टँकरचं दूध आधी जाळून बघणार, मग घेणार."

यादगिरीनं इंजिन सुरू केलं. जाता जाता खिडकीतनं वाकून हिम्मतरावला हळूच म्हणाला, "काका, मैं बोला था उनकू. काका की नाक के आगे ये नई चलता बोला था." आणि गिअर टाकला.

साहेबांनी रजिस्टर मागवलं. पट्टी घेऊन स्वतःच्या हातानं पीएचच्या रकान्याशेजारी नवीन रकाना आखला. वर लिहिलं, राख. त्यात अपर्णानं लिहिलं, एकतीस थेंब, नामंजूर. सहीसाठी पेन साहेबांनी तिच्यापुढं केलं तसं ती मागं सरकली.

"सर, आधी काकांची. चाचणी त्यांची आहे."

हिम्मतरावनं बनियनला हात पुसले. चौथीत शिकलेली बाळबोध अक्षरं त्यानं एकेक करून मांडली, हिम्मतराव, आणि शेवटच्या अक्षराची उभी रेघ जरा जास्तच लांब ओढली. मग म्हणाला, "आता खाली तुम्ही करा, बाई."

दुपारी गौलीगुड्याला घरी पोचला तेव्हा उन्हानं तोंड तांबडं झालेलं, पण चाल अशी की भामानं दारातच ओळखलं. ताट वाढता वाढता सगळं ऐकलं. पळ्यांपाशी गोष्ट आली तसा तिनं हातातला चमचा खाली ठेवला.

"राखेनं घासून एकदाच विसळल्या?"

"पाणी नव्हतं नळाला."

"तीस वर्षं सांगायले मी तुम्हाला. राखेनं घासलं की दोनदा विसळायचं, तिसऱ्यांदा हात फिरवून बघायचं. कधी ऐकलाव? एवढा मोठा नाकवाला, आणि बायकोचं ऐकायला कान नाहीत."

"अगं, पण शेवटी..."

"शेवटी त्या पोरीनं वाचवलं. तिला रविवारी जेवायला बोलवा." आणि ती आत गेली. थोड्या वेळानं आतनंच विचारलं, "एकतीस का हो?"

"एकतीस."

"बाई बाई," भामा म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर नवीन टेबल लागलं होतं. त्यावर बर्नर, चार पांढऱ्या बशा, गुलाबी करणाऱ्या थेंबांची बाटली, आणि एक वही. हिम्मतराव सहाला आला. गेटबाहेर टँकरांची रांग होती. पहिला आत घेतला, झाकण उघडलं, नाकानं हो म्हटलं, मीटरनं हो म्हटलं, तरी नियम म्हणून वीस मिली बशीत ओतलं आणि बर्नर पेटवला. दूध करपलं. धूर उठला आणि वाऱ्यानं गेटकडं गेला.

वॉचमन धावत आला. "काका! तिसरे नंबर का टँकर रिव्हर्स लेरा!"

हिम्मतरावनं मान वर केली. रांगेतला निळा टँकर मागं मागं जात होता. मागच्यानं हॉर्न मारला, ड्रायव्हरनं हात बाहेर काढून माफी मागितली, आणि गाडी कशीबशी वळवून मोठ्या रस्त्याला लावली.

"क्या बोला?"

"बोला, कुछ भूल गया बोलके."

चौथा टँकर पुढं सरकून तिसऱ्याच्या जागी उभा राहिला. रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत हिम्मतराव तिकडं बघत राहिला. मग बशीतली राख पांढरी झाली का ते बघायला वाकला.